ह्यूमसाहेब आणि वनपिंगळा

एरंडोल हे खानदेशातील एक जुने गाव आहे. अंजनी नदीच्या काठी वसलेल्या या गावात पांडववाड्याची प्राचीन वास्तू आहे. गावापासून काही अंतरावर, झाडीने वेढलेल्या टेकडीवर, कमळांच्या तळ्याकाठी पद्मालयाचे प्रसिद्ध गणेशमंदिर आहे. दिवेलागणीच्या सुमारास या भागात एक ओळखीचा कलकलाट कानी पडतो. पडक्या भिंतीच्या भगदाडातून किंवा जुन्या झाडाच्या ढोलीतून मुठीएवढा एक पक्षी बाहेर येतो, वाटोळ्या पिवळ्या डोळ्यांनी टकमक पाहतो, मान खालीवर करतो आणि अंधार पडताच भक्ष्याच्या शोधार्थ निघून जातो. हा पिंगळा होय. घुबडांच्या कुळातील हा छोटा पक्षी खानदेशातच काय, साऱ्या महाराष्ट्रात लहानथोरांच्या परिचयाचा आहे.

या पिंगळ्याचा एक रानवट भाऊबंद मात्र फारच थोड्यांनी पाहिला आहे. तापी ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे सातपुड्याच्या रांगा लागतात. तेथील सागाच्या विरळ जंगलांत तो राहतो. त्याला वनपिंगळा किंवा रानपिंगळा म्हणतात. शास्त्राच्या जगाला त्याची पहिली ओळख 1873 साली झाली, पुढे 113 वर्षे तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही, आणि तो पृथ्वीवरून नाहीसा झाला असे पुष्कळांना वाटू लागले. शेवटी तो सापडला, तो आपल्या खानदेशातच. ज्या पुरुषाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वेगळ्याच कारणाने वाचलेले असते. ते नाव म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ते आपणांस ठाऊक आहेत. परंतु हिंदुस्थानातील पक्षिविद्येचा पाया घालणाऱ्या थोर अभ्यासकांतही त्यांची गणना होते, हे मात्र थोड्यांना माहीत असते.

ह्यूम यांचा जन्म 4 जून 1829 रोजी झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद होते. सरकारी उधळपट्टीवर टीका करणारे आणि गोरगरिबांची बाजू घेणारे पुढारी म्हणून त्यांची ख्याती होती. वडिलांचा हा स्पष्टवक्तेपणा मुलाच्या अंगी पुरेपूर उतरला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरणाऱ्या तरुणांसाठी हेलीबरी येथे एक विद्यालय होते. तेथे ह्यूम यांचे शिक्षण झाले. त्यानंतर त्यांनी लंडनच्या रुग्णालयात वैद्यक व शस्त्रक्रिया यांचाही काही अभ्यास केला. 1849 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानात आले आणि बंगालच्या मुलकी खात्यात रुजू झाले.

गंगायमुनांच्या दुआबातील इटावा जिल्हा ही त्यांची पहिली कर्मभूमी. लोकांस शिक्षण मिळाल्यावाचून राज्यकारभार सुधारणार नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी खेडोपाडी मोफत शाळा काढण्याचे काम हाती घेतले. 1857 पर्यंत त्या जिल्ह्यात अशा 181 शाळा उभ्या राहिल्या आणि त्यांत पाच हजारांहून अधिक मुले शिकू लागली. त्याच वर्षी स्वातंत्र्यसमराचा वणवा पेटला. ह्यूम हे परक्या सत्तेचे अधिकारी होते. काही महिने त्यांना आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला, आणि परत येऊन त्यांनी आपल्या जिल्ह्यातील उठाव मोडून काढला. मात्र इतरत्र सूडाचे थैमान चालू असता त्यांनी पुष्कळ संयम दाखविला. राज्यकर्त्यांनी प्रजेचे म्हणणे वेळीच ऐकले पाहिजे, हा विचार या अनुभवातून त्यांच्या मनात पक्का रुजला.

पक्ष्यांचा नाद त्यांना तारुण्यापासूनच होता. इटाव्यास असताना त्यांनी पक्ष्यांचे नमुने जमविण्यास आरंभ केला होता. 1857 च्या धामधुमीत हा पहिला संग्रह नष्ट झाला. इतक्या कष्टाने जमविलेले धन एका फटक्यात नाहीसे झाले म्हणजे माणूस खचून जातो. पण ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या काळी रानातील पक्षी ओळखणे ही सोपी गोष्ट नव्हती. आजच्यासारख्या चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, रानात नेऊन उडत्या पाखराचे छायाचित्र घेता येईल असे कॅमेरे नव्हते, आणि रंगीत चित्रांची हाताशी बाळगण्याजोगी पुस्तकेही नव्हती. एखादा अनोळखी पक्षी दिसला म्हणजे अभ्यासक बंदुकीने तो मारीत, त्याचे कातडे पिसांसह हलकेच सोलून काढीत, आत कापूस भरीत आणि तो नमुना जपून ठेवीत. मग दुसऱ्या नमुन्यांशी ताडून पाहून त्याची जात ठरविली जाई. आज ही रीत आपल्याला क्रूर वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. परंतु त्या काळातील शास्त्राचे साधन तेच होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

अशा नमुन्याच्या पायाला कागदाची एक छोटी चिठ्ठी बांधलेली असे. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, तो नर की मादी आणि तो कोणी मिळविला, एवढा मजकूर तिच्यावर असे. ही चिठ्ठी म्हणजे त्या नमुन्याचा आत्माच होय. चिठ्ठी नसेल तर अत्यंत दुर्मिळ पक्ष्याचे कातडेही निव्वळ पिसांचे गाठोडे ठरते. आणि चिठ्ठीवर खोटे लिहिले असेल, तर ते गाठोडे शास्त्राला आडवाटेला नेते. ह्यूम यांना या गोष्टीचे महत्त्व पूर्णपणे कळले होते. नमुने कसे जमवावेत आणि कसे टिकवावेत, यासंबंधी नवख्या अभ्यासकांसाठी त्यांनी 1874 साली एक स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाच प्रसिद्ध केली.

1867 पासून काही वर्षे ह्यूम जकात खात्याचे प्रमुख होते. त्या कामानिमित्त त्यांना उत्तर हिंदुस्थानात दूरवर हिंडावे लागे. सरकारी काम सांभाळून ते वाटेतील पक्ष्यांची नोंद घेत. पुढे 1871 मध्ये शेती, महसूल व व्यापार या खात्याचे सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. सिमल्यास जाको टेकडीवरील रॉथनी कॅसल या आपल्या घरी त्यांनी पक्ष्यांचे एक मोठे संग्रहालयच उभारले. सिंध, अंदमान, निकोबार, लक्षद्वीप, मणिपूर अशा दूरदूरच्या प्रदेशांत त्यांनी मोहिमा काढल्या. मणिपूरच्या मोहिमेत त्यांना लाव्यांची एक नवी जात मिळाली, आणि तिचे नामकरण त्यांनी 1881 साली केले.

परंतु एकट्या माणसाने एवढा विशाल देश किती पाहावा? ह्यूम यांनी यावर एक उपाय योजला. देशभर पसरलेले कलेक्टर, पोलीस अधिकारी, जंगल अधिकारी, डॉक्टर आणि चहामळ्यांचे व्यवस्थापक यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. ज्याला पक्ष्यांची थोडीफार आवड आहे त्याला ते उत्तेजन देत, त्याच्या शंकांना उत्तरे लिहीत आणि त्याची टिपणे मागवून घेत. या टिपणांच्या प्रसिद्धीसाठी 1872 साली त्यांनी एक नियतकालिक काढले. त्याचे नाव स्ट्रे फेदर्स, म्हणजे गळालेली पिसे. कोठेतरी एका कोपऱ्यात कोणाला सापडलेले ज्ञानाचे एखादे पीस वाऱ्यावर उडून जाऊ नये, ते इतर पिसांच्या शेजारी नीट लावले जावे, हाच या नियतकालिकाचा हेतू होता.

याच सुमारास वनपिंगळ्याची गोष्ट घडली. ब्लूइट नावाचे एक अधिकारी मध्य हिंदुस्थानात नोकरीस होते. आजच्या छत्तीसगडमधील फुलझरच्या जंगलात 1872 च्या डिसेंबरात त्यांना एक छोटे घुबड मिळाले. ते त्यांनी ह्यूम यांच्याकडे पाठविले. वरवर पाहणाऱ्याला तो नेहमीचा पिंगळाच वाटला असता. आकार जवळपास तोच, रंगही तसाच राखी-तपकिरी. पण ह्यूम यांच्या डोळ्यांना शेकडो नमुने हाताळल्याची सवय होती. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पखरण असते. या पक्ष्याचे डोके व पाठ मात्र जवळजवळ बिनठिपक्यांची होती. चोच अधिक भक्कम होती. पंखांवरचे आणि शेपटीवरचे पांढरे पट्टे रुंद व ठसठशीत होते. हा पिंगळा नव्हे, ही जातच वेगळी आहे, असा निर्णय ह्यूम यांनी केला आणि 1873 साली आपल्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. तिच्यासाठी त्यांनी वेगळे घुबड या अर्थाचे हेटेरोग्लॉक्स हे नवे नाव योजले. त्या नावाला जोडून ज्याने पक्षी पाठविला त्या ब्लूइटचे नाव त्यांनी दिले. श्रेय स्वतःकडे न घेता ज्याचे त्याला देण्याची ही रीत त्यांच्या स्वभावाला शोभणारीच होती.

ह्यूम यांच्या या मंडळीत खानदेशातील एक अधिकारीही होते. त्यांचे नाव जेम्स डेव्हिडसन. त्या काळी आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे वेगळे नव्हते. सारा खानदेश मिळून एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. मुलकी नोकरीत असलेल्या डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी तयार केली, आणि ती 1882 मध्ये ह्यूम यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 1880 नंतरच्या चारपाच वर्षांत तळोदे व शहादे यांच्या आसपासच्या जंगलांत त्यांना वनपिंगळ्याचे अनेक नमुने मिळाले. प्रत्येक नमुन्याच्या पायाला त्यांनी ठिकाण आणि दिनांक लिहिलेली चिठ्ठी बांधली. पुढे शंभर वर्षांनी या चिठ्ठ्या एका पक्ष्याचे भाग्य उजळविणार आहेत, याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

इकडे सरकारदरबारी ह्यूम यांचे दिवस पालटले होते. जे पटत नाही ते तोंडावर सांगावयाचे, हा त्यांचा बाणा वरिष्ठांना रुचला नाही. 1879 मध्ये त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले, आणि 1882 मध्ये ते नोकरीतून निवृत्त झाले. आता त्यांचा सारा वेळ त्यांच्या आवडत्या ग्रंथासाठी मोकळा झाला. हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांची संपूर्ण माहिती देणारा एक महान ग्रंथ लिहावयाचा, हे त्यांचे जन्माचे स्वप्न होते. सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी त्यासाठी टिपणे जमविली होती.

1884 च्या हिवाळ्यात ह्यूम सिमल्याहून खाली मैदानी प्रदेशात गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांच्यावर जणू आकाशच कोसळले. त्यांच्या गैरहजेरीत एका नोकराने ती हस्तलिखिते रद्दी म्हणून सिमल्याच्या बाजारात विकून टाकली होती. पंचवीस वर्षांच्या श्रमांच्या पुड्या बांधल्या गेल्या! कोणत्या पक्ष्याचे घरटे कोठे पाहिले, त्याची अंडी कशी होती, तो कोणत्या ऋतूत कोठे जातो, या साऱ्या नोंदींपैकी फारच थोड्या हाती उरल्या. 1857 साली गेलेला संग्रह त्यांनी पुन्हा उभा केला होता, पण हे नुकसान भरून काढण्याचे बळ आता त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी ग्रंथाचा नाद सोडला.

तथापि त्यांनी आपल्या दुःखात सारा संग्रह कुजू दिला नाही. त्यांनी तो लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाला विनामूल्य देऊन टाकला. 1885 साली तेथील पक्षिशास्त्रज्ञ शार्प हे तो नेण्यासाठी स्वतः सिमल्यास आले. पक्ष्यांची सुमारे 63,000 कातडी, 500 घरटी आणि 18,500 अंडी पेट्यांत भरून लंडनला रवाना झाली. जगात कोठेही आशिया खंडातील पक्ष्यांचा एवढा मोठा संग्रह त्या काळी दुसरा नव्हता. आपल्या देशातील पक्ष्यांचे हे धन सातासमुद्रांपलीकडे गेले, याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे ते जतन झाले आणि पुढच्या पिढ्यांना अभ्यासासाठी उपलब्ध राहिले, हेही तितकेच खरे.

जे वर्ष ह्यूम यांच्या पक्षिजीवनाच्या अखेरीचे, तेच त्यांच्या राजकीय कार्याच्या प्रारंभाचे ठरले. हिंदी लोकांचे विचार सरकारपुढे मांडणारी एक सभा असावी, म्हणून त्यांनी देशभरच्या पुढाऱ्यांशी पत्रव्यवहार केला होता. पक्ष्यांच्या अभ्यासासाठी जशी त्यांनी दूरदूरची माणसे एका धाग्यात ओवली होती, तशीच ती आता देशकार्यासाठी ओवली. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले होते. परंतु तेथे पटकीची साथ आल्यामुळे ते मुंबईस हलविण्यात आले. 28 डिसेंबर 1885 रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या सभागृहात 72 प्रतिनिधी एकत्र जमले. उमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले आणि ह्यूम यांच्याकडे सरचिटणीसपद आले.

उत्तर आयुष्यात ह्यूम यांनी मांसाहार वर्ज्य केला आणि मौजेखातर पक्षी मारण्यालाही ते विरोध करू लागले. ज्या हातांनी हजारो पक्ष्यांचे नमुने जमविले, तेच हात हिंसेपासून परावृत्त झाले. 1894 मध्ये ते इंग्लंडला परत गेले. तेथे त्यांनी वनस्पतींचा अभ्यास आरंभिला आणि 1910 साली दक्षिण लंडनमध्ये सामान्य लोकांसाठी वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापन केली. 31 जुलै 1912 रोजी, वयाच्या 83 व्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

ह्यूम गेले, पण त्यांच्या वनपिंगळ्याची कथा संपली नाही. 1884 नंतर हा पक्षी कोणालाच सापडेना. इंग्लंडमधील रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने मात्र आपल्या संग्रहात एक वनपिंगळा दाखविला. तो आपण 1914 साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविला, असे त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. पुढील अनेक वर्षांत शोधासाठी निघालेल्या अभ्यासकांचे लक्ष साहजिकच त्या बाजूकडे वळले. तेथे काही मिळेना. उलट अंगभर आडव्या पट्ट्यांचे किंवा ठिपक्यांचे दुसरेच छोटे पिंगळे पाहून काहींची फसगत झाली. वनपिंगळा नामशेष झाला असावा, ही शंका अधिकच बळावली.

1990 नंतरच्या काळात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाई लंडनच्या संग्रहालयातील जुने नमुने बारकाईने तपासू लागल्या. मांडवीच्या त्या नमुन्यात त्यांना काहीतरी विपरीत आढळले. प्रत्येक अभ्यासकाची कातडे सोलण्याची, कापूस भरण्याची आणि टाके घालण्याची एक ठरावीक लकब असते. जसे हस्ताक्षर लपत नाही, तशी ही लकबही लपत नाही. तो नमुना नव्याने भरण्याचा प्रयत्न झाला होता, पण त्यात डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. संग्रहालयातून डेव्हिडसन यांचा नमुना चोरून, त्याची खरी चिठ्ठी काढून आणि खोटी लावून तो नवा म्हणून मिरविला गेला होता! एका खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांना कित्येक वर्षे चुकीच्या वाटेकडे पाहावयास लावले होते.

आता फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवावयाची, असे रासमुसेनबाईंनी ठरविले. 1997 च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या दोन सहकाऱ्यांसह त्या हिंदुस्थानात आल्या. प्रथम त्यांनी पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. तेथील जंगलांत पक्षी आढळला नाही. मग डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांचा माग घेत ते खानदेशात शहाद्याजवळ येऊन पोहोचले. 25 नोव्हेंबरची सकाळ होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, ऊन वर आलेले असता, एका निष्पर्ण झाडावर एक छोटे घुबड बसलेले किंग यांना दिसले. पाहुण्यांनी श्वास रोखून त्याची एकेक खूण पडताळून पाहिली. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. छातीचा वरचा भाग गडद तपकिरी. पोटाचा मध्य स्वच्छ पांढरा. पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. सव्वाशे वर्षांपूर्वी ह्यूम यांनी ज्या जातीचे वर्णन छापले, तिचाच पक्षी जिवंतपणी समोर बसला होता. या वेळी बंदूक उडाली नाही. कॅमेऱ्याने त्याचे चित्र टिपले आणि पक्षी आपल्या मनाप्रमाणे उडून गेला.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ, तळोदे आणि मेळघाट या भागांत या पक्ष्याचा माग काढला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही तो आढळला, आणि 2014 साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही त्याचे दर्शन घडले. आज त्याच्याविषयी पुष्कळ माहिती मिळाली आहे. इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्रीचा फिरस्ता नाही. सकाळच्या उन्हात तो उघड्या फांदीवर बसून जमिनीवर नजर ठेवतो आणि अस्वस्थ झाला म्हणजे शेपटी डावीउजवीकडे झटकतो. सरडे, उंदीर आणि मोठे किडे हे त्याचे भक्ष्य. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करतो. म्हणून जुनी झाडे तुटली की त्याचे घर मोडते. घुबड अशुभ आहे या खुळ्या समजुतीचाही त्याला उपद्रव होतो. जगात असे पक्षी फार थोडे उरले आहेत, आणि धोक्यात आलेल्या जातींत त्याची गणना केली जाते. ज्या सागाच्या विरळ वनात तो राहतो ते वन राखले, तरच तो राहील.

या कथेत दोन प्रकारच्या चिठ्ठ्या आहेत. डेव्हिडसन यांची चिठ्ठी साधी होती. तिच्यावर गाव, दिवस आणि नाव याहून अधिक काही नव्हते. पण ती खरी होती, म्हणून शंभर वर्षांनंतरही तिने वाट दाखविली. दुसरी चिठ्ठी मोठ्या नावाच्या माणसाने लिहिलेली होती. पण ती खोटी होती, म्हणून तिने वाटसरूंना भुलविले. ह्यूम यांचा महाग्रंथ रद्दीत गेला आणि त्यांचा थोरपणा सांगणारी ती हजारो पाने नाहीशी झाली. तरी त्यांनी घालून दिलेली शिस्त टिकून राहिली. जे पाहिले तेच लिहावे, जेथे पाहिले तेच ठिकाण लिहावे, आणि दुसऱ्याने पाहिले असेल तर त्याचे नाव लिहावे, हीच ती शिस्त.

एरंडोलच्या एखाद्या विद्यार्थ्याला पद्मालयाच्या वाटेवर संध्याकाळी पिंगळा दिसेल, तेव्हा त्याने क्षणभर थांबावे. त्याच्या डोक्यावर ठिपके आहेत का, पाठीवर आहेत का, तो कोणत्या झाडावर बसला आहे, हे शांतपणे पाहावे. त्याला दगड मारू नये, त्याच्या ढोलीत हात घालू नये. घरी येऊन वहीत त्या दिवसाचा दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहावे. नक्की ओळखता आले नसेल, तर ओळखता आले नाही असेच लिहावे. अशी वही लहान मुलाची असली, तरी तिचे मोल कमी नाही. पुढे कधीतरी, कोणा अनोळखी अभ्यासकाला, त्या वहीतील एक खरी ओळ हरवलेल्या पाखराच्या घरापर्यंत घेऊन जाईल.